बोटभर वाव

गेल्या वर्षी पावसाळ्याआधीच्या एका रविवारी सकाळी मी पोळ्यांच्या कणकेतून लिंबाएवढे चार गोळे काढून घेतले आणि गॅरेजमध्ये गेले. आमच्या जुन्या हेराल्ड गाडीचं तोंड, म्हणजे दोन्ही मडगार्डांसकट अख्खं बॉनेट, एका झटक्यात पुढे कलतं. मग पुढची दोन्ही चाकं उघडी पडतात आणि माणूस चक्क टायरवर बसून इंजिनाचं काम करू शकतो. पण या सोयीला एक अडचण जोडून आलेली आहे. टायरच्या वरची कमान त्या बॉनेटमध्येच असल्यामुळे बॉनेट उघडं असताना टायर आणि पत्रा यांच्यातलं अंतर मोजता येत नाही आणि बंद केलं की दिसत नाही. म्हणून कणीक. गोळे कमानीच्या आत चिकटवले, बॉनेट लावलं, पुढे वाळूची पोती ठेवून गाडी खाली बसवली, स्टिअरिंग डावीकडे टोकाला नेलं, मग उजवीकडे. बॉनेट उघडून दाबले गेलेले गोळे काढले आणि व्हर्नियरने मोजले. उजवीकडे १७ मिलिमीटर, डावीकडे ९.

नऊ म्हणजे बोटाच्या जाडीपेक्षा कमी. खड्ड्यात चाक आदळलं की टायर पत्र्याला घासणार. माझा भाचा शेजारी उभा होता. त्याला पाच-साडेपाच इंची रुंद चाकं हवी होती आणि आम्ही तर अजून जुन्या, बारीक चाकांवरच मोजत होतो.

मी भिलाईची. वडील वर्ध्याहून १९५८ साली इथे आले, तेव्हा कारखाना उभा राहत होता. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तो दिवस बाबा शेवटपर्यंत घरातल्या सणासारखा सांगत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेराल्ड बाजारात आली. जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने तिचं रूप रेखाटलं होतं. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती इथे बनवायला घेतली, ९४८ सीसी इंजिनासह, स्टँडर्ड हेराल्ड या नावाने. आमची १९६६ ची, दोन दारांची. बाबांनी १९७५ साली ती जुनी म्हणून घेतली. मी स्वतः पुढे रेल मिलमध्ये तपासणीच्या कामाला लागले आणि ३५ वर्षं रूळ मोजले. मापाची सवय तिथली.

हेराल्डला कुणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही. पण १९६२ साली ट्रायम्फने तिच्याच सांगाड्याची मांडणी आखूड करून, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर साडेएक्क्याण्णव इंचांवरून ८३ इंचांवर आणून, वर मिकेलोत्तीचंच दोन माणसांचं उघडं अंग चढवलं आणि स्पिटफायर जन्मली. चाकं, पुढचे सांधे, मागचे पाटे सगळं एकाच घरातलं. त्यामुळे स्पिटफायरवाल्याला रुंद टायर लावताना जे प्रश्न पडतात, तेच आम्हाला भिलाईत पडले. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर हेराल्ड शर्यतीत उतरत असे. भाच्याच्या डोक्यात त्या शर्यती होत्या.

तो म्हणाला, "मावशी, टायर रुंद म्हणजे रस्त्याला जास्त चिकटणार. यात काय मोजायचं?"

मी त्याला रुळापासून सांगायला सुरुवात केली. आपल्या बहुतेक मालगाड्यांच्या एका आसावर २२.९ टनांपर्यंत भार असतो, म्हणजे एका चाकावर साडेअकरा टन. हा सगळा भार रुळाला टेकतो तो साधारण रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर. पोलाद पोलादावर जवळजवळ दबत नाही, म्हणून जागा एवढीशी. रबराचं तसं नाही. टायरमध्ये हवा असते आणि गाडी खरं तर त्या हवेवर उभी असते. आमची हेराल्ड रिकामी सुमारे ८०० किलोची, माणसं बसली की टनभर. एका चाकावर अडीचशे किलो. टायरमध्ये २४ पाउंड हवा भरली तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.७ किलोचा जोर. अडीचशेला १.७ ने भागा: जेमतेम दीडशे चौरस सेंटिमीटर. म्हणजे एक तळहात. अख्खी गाडी, आतली माणसं, त्यांचे जीव, हे सगळं चार तळहातांवर चाललेलं असतं.

आता टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली तर हा तळहात मोठा होतो का? फारसा नाही. भार तोच, हवा तीच, म्हणून क्षेत्रफळही साधारण तेच. बदलतो तो आकार. बारीक टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. आडव्या ठशामुळे आणि बुटक्या, ताठ बाजूंमुळे रुंद टायर वळणात कमी मुरडतो आणि स्टिअरिंग फिरवताच ऐकतो. फायदा खरा आहे, पण तो कोरड्या, सपाट रस्त्यावर. पाऊस पडला की बारीक टायर पाणी कापत जातो, रुंद टायरला पुढचं पाणी बाजूला सारायला जास्त कष्ट पडतात आणि वेगात तो पाण्यावर उचलला जाऊ शकतो. जून ते सप्टेंबर भिलाईच्या जीई रोडवरून गाडी चालवणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली. १९६२ मध्येच इंग्लंडमध्ये लोटस इलान नावाची गाडी आली. वळणात धावणारी गाडी कशी असावी याचं उदाहरण म्हणून आजही तिचं नाव घेतात. तिच्या पुढच्या चाकांचा उभा सांधा ट्रायम्फकडून घेतलेला होता आणि सुरुवातीला तिच्या पायात हेराल्डसारखेच बारीक टायर होते. वजन जेमतेम सातशे किलो, सांधे नीट जुळवलेले, एवढ्यावर तिने नाव कमावलं.

मग आम्ही टायरच्या बाजूला छापलेले आकडे वाचायला बसलो. १५५/८० आर १३ असं लिहिलेलं असतं. १५५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १२४ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतले धागे आडवे असलेला टायर. १३ हा रिमचा व्यास, इंचात. यावरून पूर्ण टायरची उंची काढता येते: १३ इंच म्हणजे ३३०.२ मिलिमीटर, त्यात १२४ दोनदा मिळवा, ५७८ झाले. हेराल्डला मुळात ५.२० गुणिले १३ मापाचे जुन्या पद्धतीचे तिरप्या धाग्यांचे टायर असत, रुंदी सुमारे १३२ मिलिमीटर. त्यांची उंचीही याच्या जवळपास. भाच्याने सुचवलेला १८५/६० आर १३ घेतला असता तर उंची ५५२ मिलिमीटरवर आली असती. म्हणजे गाडी १३ मिलिमीटरने जमिनीकडे खाली, वेगाचा काटा सुमारे पावणेपाच टक्क्यांनी जास्त दाखवणार आणि इंजिन तेवढ्याच वेगाला जास्त फिरणार. साठ वर्षांच्या इंजिनाला हा जाच कशाला?

१५५/८० आर १३ हा टायर आजही वॅगनआरच्या काही गाड्यांना बसतो, त्यामुळे भिलाईच्या सुपेल्यात सहज मिळतो. टायरचा प्रश्न सुटला. रिमचा सुटायला चार महिने लागले.

हेराल्डचं मूळ रिम साडेतीन इंच रुंद. एवढ्या अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर त्याच्या बाजू फुग्यासारख्या बाहेर येतात, टाचा नीट बसत नाहीत आणि वळणात टायर रिमवर डुलतो. चांगला टायरवाला आधी रिमची रुंदी विचारतो ती यासाठी. १५५ च्या टायरला साडेचार इंची रिम हवं. भाच्याने बाहेरगावच्या एका दुकानातून चकाकती अलॉय चाकं मागवली होती. दुकानदाराने चार भोकांची चाकं आहेत, बसतील, असं सांगितलं होतं. आमच्या मेकॅनिक उस्तादांनी पहिलं चाक स्टडवर टेकवलं, दोन बोटांनी हलवून पाहिलं आणि खाली ठेवलं. "दीदी, ये बैठेगा नहीं. बैठेगा तो रुकेगा नहीं."

त्यांचं म्हणणं मी मापून पाहिलं. चाकाचे चार बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास हेराल्ड-स्पिटफायरमध्ये पावणेचार इंच, म्हणजे ९५.२५ मिलिमीटर. त्या अलॉयचा १०० मिलिमीटर होता. फरक पावणेपाच मिलिमीटर, दर बोल्टमागे सव्वादोन-अडीच. पान्याने जोर लावला तर नट बसल्यासारखे वाटतात, पण स्टड वाकून ताणाखाली राहतात, चाक मध्यावर बसत नाही आणि नट हळूहळू सैल होतात. रस्त्यात चाक निघून पडतं ते असंच. चाकं परत पाठवली. दुकानाने पैसे परत दिले नाहीत.

दुसरा मार्ग इथला, जीपवाल्यांचा. जुनं रिम मधून कापायचं, पोलादी पट्टी घालून वेल्ड करायचं. एका कारखान्यातून असं एक रिम करून आणलं. वेल्ड दिसायला सुबक होता. मी ते हबवर चढवून डायल गेज लावलं आणि हाताने एक फेरी फिरवली. काटा अडीच मिलिमीटर इकडून तिकडे गेला. एवढं डगमगणारं चाक साठच्या वेगाला स्टिअरिंग हातात ठरू देत नाही. त्याहून मोठी भीती वेल्डच्या आतली. रूळ बाहेर जाण्याआधी आम्ही ध्वनिलहरींनी तपासायचो, कारण भेग आत असते, वरून रूळ आरशासारखा दिसतो. ते रिम मी वापरू दिलं नाही.

इथे रिमच्या तिसऱ्या मापाबद्दल सांगायला हवं, कारण बहुतेक लोक तिथेच चुकतात. रिमची मधली रेषा आणि ते हबला जिथे टेकतं ती पाठ, या दोहोंतल्या अंतराला ऑफसेट म्हणतात. रिम साडेतीनचं साडेचार केलं आणि मधली रेषा जागेवर ठेवली, तर अर्धा इंच आत जातो आणि अर्धा बाहेर. सगळी वाढ बाहेर काढली तर गाडी दिसायला दांडगी होते, पण चाक हबपासून दूर उभं राहतं. भरलेली बादली अंगाशी धरा आणि मग हात लांब करून धरा. खांद्याला जे कळतं ते बेअरिंगला कळतं. स्टिअरिंग जड होतं, खड्ड्याचा प्रत्येक धक्का हातात येतो. सगळी वाढ आत घेतली तर टायर स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा ब्रेकच्या नळीला भिडतो.

हेराल्डच्या पुढच्या चाकाखाली ट्रनियन नावाचा पितळी सांधा आहे. चाक वळतं तेव्हा उभी दांडी त्याच्या आट्यांमध्ये फिरते. त्यात गिअरचं ९० नंबरचं तेल घालायचं असतं. वर्षानुवर्षं लोक तिथे ग्रीस भरत आले. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, खाली पाणी साचतं, दांडी गंजते आणि एक दिवस मोडून चाक आडवं पडतं. रुंद चाकाचा वाढीव भार अशा न दिसणाऱ्या ठिकाणी जाऊन बसतो. म्हणून आम्ही आधी दोन्ही सांधे उघडले, दांड्या तपासल्या, बेअरिंग बदलले, तेल भरलं आणि मगच चाकांचा विचार केला.

पण या गाडीचा खरा मुद्दा मागे आहे.

हेराल्डच्या मागच्या चाकांना प्रत्येकी एक आस आहे आणि तो फक्त मध्यभागी, डिफरन्शियलजवळच्या सांध्यात हलतो. खांदा हलावा पण कोपर आणि मनगट ताठ असावं, तसं. त्यामुळे चाक वरखाली होताना सरळ राहत नाही, तिरकं होतं. वेगात वळताना बाहेरच्या चाकाला रस्ता आत ढकलतो आणि तो जोर गाडीचा मागचा भाग वर उचलतो. मागचा भाग उचलला की चाक खालून आत मुडपतं, टायर कडेवर उभा राहतो आणि पकड एकदम सुटते. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर वजन पुढे पळतं, मागची बाजू आणखी उचलली जाते. अमेरिकेत शेवरोले कॉर्व्हेर गाडीची मागची रचना याच घराण्यातली होती. तिच्या टायरमध्ये पुढे १५ पाउंड आणि मागे २६ पाउंड हवा भरायची असं कंपनी सांगे, आणि हा फरक न पाळणं महागात पडे. १९६५ साली राल्फ नेडर यांनी मोटारींच्या सुरक्षेवर जे पुस्तक लिहिलं, त्याचं पहिलं प्रकरण त्याच गाडीवर होतं.

आम्ही हे घरातच पाहिलं. १९८३ च्या श्रावणात बालोदच्या रस्त्यावर एका वळणात समोर बैल आला आणि बाबांनी पाय उचलला. गाडीने शेपूट फिरवलं आणि आम्ही सगळे भाताच्या खाचरात उलट्या तोंडाने उभे. कुणाला लागलं नाही. बाबांनी गाडीतून उतरून आधी आम्हा भावंडांच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि मग म्हणाले, "वेग वळणाआधी कमी करायचा. वळणात पाय उचलायचा नाही." मला गाडी शिकवताना पहिलं वाक्य हेच होतं.

आता या रचनेला रुंद, चिकट टायर लावा. वळणातला आडवा जोर टायरच्या पकडीतूनच येतो. पकड वाढली की चाक मुडपणारा जोरही वाढतो. बारीक टायर आधी चीं करून घसरतो आणि सावध करतो. रुंद टायर धरून ठेवतो आणि सोडतो तेव्हा फार वेगात सोडतो. शिवाय सपाट, रुंद टायर तिरका झाला की एका कडेवर उभा राहतो, म्हणजे ज्या रुंदीसाठी पैसे मोजले तीच हवेत. ट्रायम्फने हे ओळखलं होतं. १९७० च्या स्पिटफायरमध्ये त्यांनी मागचे पाटे असे बसवले की सगळ्यात खालचा सोडून बाकीचे मध्यावर झुलतील. त्याने मागची बाजू उचलली जाणं खूप कमी झालं. आपल्याकडे स्टँडर्डने १९७२ च्या गॅझेलमध्ये ही स्वतंत्र आसांची रचनाच काढून टाकली आणि सरळ अखंड आस घातला. टायर रुंद करण्याआधी मागची रचना सुधारायला हवी, हा या इतिहासाचा सरळ अर्थ.

आपल्याकडे खड्ड्यांच्या धास्तीने बरोबर उलट करतात. एक पाटा वाढवून मागची बाजू उंच करतात, तेव्हा मागची चाकं उभ्यानेच खालून आत वळलेली असतात. आमच्या गाडीतही असा एक जादा पाटा निघाला. उस्तादांनी तो काढला, बाकीचे पाटे भट्टीत तापवून पुन्हा घडवले, आणि दोन माणसं बसल्यावर मागची चाकं खाली किंचित फाकून, पाय रोवून उभी राहतील अशी उंची धरली. आमच्या सगळ्या खटाटोपात गाडीची चाल सर्वांत जास्त सुधारली ती या कामाने. टायर तेव्हा जुनेच होते.

कायद्याचाही विचार केला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून २० हजार रुपये भरून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी, सांगाडा, अंग आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको, आणि ती रोजच्या वापरात काढता येत नाही. म्हणून घरात ठरवलं की पत्रा कापायचा नाही, मडगार्ड फुगवायचे नाहीत, आणि जे करू ते एका दुपारी परत मूळपदावर आणता आलं पाहिजे.

शेवटी उत्तर गाडीच्या घराण्यातच मिळालं. नंतरच्या स्पिटफायरला कंपनीचीच साडेचार इंची पोलादी रिम असत. बोल्टांचं वर्तुळ तेच, हबवर बसण्याची पद्धत तीच. एका ओळखीच्या मुलाने इंग्लंडहून पाच रिम आणून दिली. प्रत्येक मी डायल गेजवर फिरवलं. एक वाकडं निघालं, ते स्टेपनीलाही ठेवलं नाही. उरलेल्या चारांवर १५५/८० चे टायर चढवले, मागे पुढच्यापेक्षा चार पाउंड हवा जास्त ठेवली. बॉनेटचे बिजागर सैल करून ते डावीकडचं अंतर वाढेल असं सरकवून बसवलं. आणि पुन्हा कणीक मळली. या वेळी गोळे भाच्याने चिकटवले, पोती त्याने ठेवली, व्हर्नियर त्याच्या हातात. उजवीकडे १३, डावीकडे १४.

मूळ टायरपेक्षा जवळजवळ इंचभर जास्त रुंदी मिळाली. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसणारही नाही. पण बालोदजवळच्या तांदुला धरणाच्या रस्त्यावर गाडी आता वळणात रेंगाळत नाही, खडबडीत डांबरावर भरकटत नाही, ब्रेक लावला की सरळ उभी राहते. त्याच खाचराजवळच्या वळणावर भाच्याने आधी वेग कमी केला आणि पाय स्थिर ठेवून गाडी बाहेर काढली.

तेरा मीटरचा रूळ ४० अंशांनी तापला की सहा मिलिमीटर वाढतो. जुन्या रुळांच्या सांध्यात तेवढी फट मुद्दाम सोडलेली असे. ती बुजवली तर उन्हाळ्यात अख्खा मार्ग वाकडा होतो. मी आयुष्यभर पोलादाची मापं घेतली आणि मला सगळ्यात जपून मोजावं लागलं ते पोलाद नसलेल्या जागेचं माप. गाडीच्या चाकाभोवतीही तसंच आहे. तिथे रबर किती मावतं हे दुकानदार सांगेल. किती जागा मोकळी राहिली पाहिजे हे आपण मोजायचं.

जुनी साडेतीन इंची चाकं गॅरेजच्या भिंतीवर टांगली आहेत, तेल पुसून, बाबांच्या हातच्या खडूच्या खुणांसकट. व्हर्नियर भाचा पुण्याला घेऊन गेला. परवा त्याचा फोन होता. मित्राच्या जुन्या फियाटला रुंद चाकं घालायची आहेत, आणि कणीक किती घट्ट मळावी ते त्याला विचारायचं होतं.